हिरव्या दिव्याखाली

बाळांनो, अशी कल्पना करा, की कुत्र्याच्या गळ्यातला पट्टाच त्याचा डॉक्टर झाला आहे. पट्ट्यावरचा दिवा हिरवा असला की सगळं ठीक, आणि पट्टा कधीच काढायचा नाही. शाल्मलीच्या ढब्बूचा दिवा हिरवाच होता, पण तीन दिवस तो जेवला नव्हता.

"नखरे करतोय मेला, दिवा बघ की," आई म्हणायची.

चौथ्या दिवशी ढब्बू उठेचना, तेव्हा दोघींनी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. मग त्यांनी पट्टा कापला. त्याखाली रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडांची रांग होती.

"इथे शेवटचा हात कधी फिरवला होता?"

"पट्टा काढायचा नसतो ना," आई पुटपुटली.

"पट्टा ठोके मोजतो हो. अंगावरून हात आपणच फिरवायचा असतो. फार उशीर झाला."

संध्याकाळी ढब्बू गेला. शाल्मली खूप रडली. मग डोळे पुसून ती शेजारच्या परुळेकरकाकांकडे गेली आणि त्यांच्या राणीचा पट्टा सोडू लागली.

"अगं, दिवा लाल होईल!" काका ओरडले.

"होऊ दे, काका," ती म्हणाली आणि राणीच्या मानेवरचे केस बोटांनी विंचरून गोचीड शोधू लागली.