काचघराची उंची

वादळात बेटावरचे सगळे ताड गेले आणि त्या जातीचं जगात हे एकच झाड उरलं. त्याला वारा लागू नये म्हणून बागेत त्याच्याभोवती काचघर बांधलं. आज सकाळी माळीणबाई आत शिरल्या, तर झाडाचा शेंडा जमिनीवर पडलेला, न उलगडलेल्या कोवळ्या पानासकट.

"बांधताना छत दोन हात खाली आलं, बाई," अधीक्षक म्हणाले. "म्हणून वरून जरा छाटलं. फुटेल परत."

"हा काय गुलाब आहे, छाटला की फुटायला? साहेब, माड घ्या, पोफळ घ्या, ताड घ्या, या अख्ख्या कुळाला कोंब एकच, तोही डोक्यात. मारलंत तुम्ही त्याला." बाईंनी शेंडा उचलून पोटाशी धरला.

अधीक्षकांनी वर पाहिलं. "पण बाकीची पानं तर हिरवीगार आहेत."

"ती राहतील आणखी चार-सहा महिने. मग एकेक करून गळतील."

"सहा महिने?" अधीक्षकांचा जीव भांड्यात पडला. "मग कशाला घाबरवता, बाई? काचघराचं उद्घाटन तर पुढच्याच महिन्यात आहे."