डाव्या हाताचा चाकू

“काकूंसाठी हा घ्या. वजनाला पिसासारखा हलका आणि दिसायला झकास,” दुकानदार म्हणाला आणि त्याने गुलाबी मुठीचा घडीचा चाकू काउंटरवर ठेवला.

बोलला मात्र तो काकांकडे बघून. काकू समोरच उभ्या होत्या. त्यांचा उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. डाव्या हाताने त्यांनी चाकू उचलला, उलटसुलट करून पाहिला. पातं उघडायला नखाची खाच होती. म्हणजे एका हाताने मूठ धरायची आणि दुसऱ्याने पातं ओढायचं. काकूंनी चाकू खाली ठेवला आणि एका बोटाने त्याच्याकडे परत ढकलला.

“नको म्हणतेय,” काका म्हणाले.

“पण यांना हवाय कशाला?” दुकानदाराने विचारलं. पुन्हा काकांनाच.

“एकतीस वर्षं रोपवाटिकेत कलमं बांधली हिने. पाच महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली. आता दुधाची पिशवीसुद्धा मीच कापून देतो. आज सफरचंदाच्या बारीक फोडी करून दिल्या, तर ताटलीच ढकलून दिली.” काका ओशाळून हसले. “व्यायामाला दवाखान्यात निघालो होतो. तुमच्या काचेसमोर आली आणि पाय रोवून उभी राहिली. हलेचना. आयुष्यभर बस चालवली मी, पण असा ब्रेक कधी लागला नव्हता.”

काकूंचं लक्ष नव्हतं. त्या काचेखालचे चाकू बघत होत्या.

दुकानदाराने दुसरा काढला. पात्यावर छोटी खुंटी होती. अंगठ्याने ढकलली की पातं उघडायचं. पण खुंटी एकाच बाजूला, उजव्या अंगठ्याच्या सोयीची. काकूंनी तो त्याच्या नाकासमोर धरला, उलटा केला आणि परत दिला. तिसऱ्याला दोन्ही बाजूंनी खुंटी होती. तो त्यांनी उघडला. मिटवताना मात्र पातं अडवून धरणारी आतली पट्टी दाबायला डाव्या हाताचं बोट थेट पात्याच्या वाटेत जात होतं.

“अगं, लागेल!” काका पुढे झाले.

काकूंनी खांदा आडवा घातला. चाकू काउंटरवर टेकवून शांतपणे मिटवला. तोही परत केला.

दुकानदार आता वैतागला होता. गिऱ्हाइकांचे नखरे त्याने आयुष्यभर पाहिले होते, पण एवढा ताठा? तोंडातून हूं नाही की चूं नाही. “दहा मिनिटं झाली,” तो पुटपुटला. “काका, भाजीची सुरी घ्या एखादी. कमी धारेची. कशाला जिवाला घोर?”

काकूंनी काचेवर टकटक केलं. अगदी मागे, स्क्रूड्रायव्हरांच्या डब्याला टेकून, काळ्या मुठीचा एक साधा चाकू पडला होता. पात्याला दोन्ही बाजूंनी खुंटी होती आणि मिटवायचा खटका मुठीच्या पाठीवर होता. डावा हात असो की उजवा, त्याला दोन्ही सारखेच.

दुकानदाराने तो काढून दिला. काकूंनी अंगठ्याने पातं उघडलं. टक्. पाठीवरचा खटका दाबला, पात्याची बोथट बाजू मांडीला टेकवली आणि मिटवलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटवलं. असं सहा-सात वेळा. मग त्यांनी काउंटरवरचा जुना पेपर पुढे ओढला. चाकू ठेवून डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलला आणि तो पेपरावर ठेवला, दगड ठेवावा तसा. कागद जागचा हलेनासा झाला. तेव्हा चाकू उघडून त्यांनी वरपासून खालपर्यंत एकच रेघ ओढली. पट्टी लावून कापल्यासारखे दोन तुकडे झाले.

दुकानदार बघतच राहिला. पण सवय जाते कुठे?

“काका, एक सांगू?” तो म्हणाला. “घ्या खुशाल हा, पण तुमच्याच खिशात ठेवा. लागेल तेव्हा तुम्ही कापून द्या.”

“तेच बरं,” काका म्हणाले. काकूंनी चाकू मिटवला होता. काकांनी हात पुढे करून काकूंच्या मुठीतून बाहेर आलेलं चाकूचं टोक धरलं.

“सोडा.”

आवाज जड होता, घशात अडकून बाहेर पडलेला. काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

“काय?”

“सोडा. माझा... आहे तो.”

“काय म्हणालीस?”

“सो... डा!” काकूंच्या मानेची शीर ताठ झाली. तोंडाचा एक कोपरा वाकडा झाला, तरी शब्द सुटले. “मी... कापीन. माझं... मी!”

काका एका टोकाला, काकू दुसऱ्या टोकाला. चाकू मध्ये. काकूंनी हिसडा दिला, तरी काका सोडेनात.

“काय गं? पुन्हा सांग.”

“बहि... रे... झालात?”

आता मात्र दुकानदारालाच राहवेना. या बाईचा हट्ट खरा, पण हा माणूस म्हणजे कमालच झाली. “अहो काका, त्या एवढं जीव तोडून सांगताहेत. सोडा ना तो चाकू!”

काकांनी मान वळवली. डोळे भरून वाहत होते, पण पकड तशीच घट्ट होती.

“कसा सोडू हो?” ते म्हणाले. “पाच महिन्यांत पहिल्यांदा बोलतेय ती. सोडला तर पुन्हा गप्प बसेल.”