नटावरची पांढरी रेघ

नट बोटांनी फिरला.

ताई गाडीखाली उताणी पडली होती. ती आत शिरली होती विसरलेली हातबॅटरी उचलायला. हातात पानाही नव्हता. जाता जाता सहज चिमटीत धरून बघितला, तर तो फिरला. नटावरून बोल्टवर गेलेली सरळ पांढरी रेघ मधोमध तुटली आणि तिचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले.

रेघ बाबांची होती. या गॅरेजात कायदा एकच: आवळायचं कुणीही, पण पांढऱ्या रंगाची रेघ बाबांनी ओढायची, आणि तीही स्वतः पाना लावून बघितल्यावर. गिऱ्हाइकं दुसरं काही विचारत नसत. वाकून रेघ बघत आणि गाडी घेऊन जात.

तिने शेजारचा नट धरला. तोही फिरला. त्या बाजूचे चारही फिरले.

वर गाडीत तिचा धाकटा भाऊ बसला होता. माणसं भरून ही गाडी तो रोज डोंगरातल्या खाणीवर न्यायचा. गाडी ताईपेक्षाही वयाने मोठी, म्हणून तिला सगळे म्हातारीच म्हणत. भरली की म्हातारीची मागची बाजू दगडांना घासायची. म्हणून आज मागचे स्प्रिंगचे पाटे आणि चाकांचा ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून तिला उचललं होतं. पाटा, ठोकळा आणि ॲक्सल एकत्र धरून ठेवतात ते हेच नट. एखादा मोठा दगड चाकाखाली आला की सैल ठोकळा निसटणार, आणि मग ॲक्सल आपल्या वाटेने, गाडी आपल्या वाटेने. त्या रस्त्याला एका बाजूला दरी होती.

डोक्यावर एकदम इंजिन धडधडलं.

"बंद कर! मी खाली आहे!"

इंजिन गप्प झालं. खिडकीतून धाकट्याचं डोकं बाहेर आलं. "ताई! अगं, तिथे काय करतेस? जीव घेशील माझा!"

ती सरपटत बाहेर आली. "उतर खाली. डावी बाजू पुन्हा बघायची आहे."

"आता? माणसं फाट्यावर उभी आहेत माझी. म्हातारीला उंच टाचा घातल्यात, जरा मिरवून तर येऊ दे." मग त्याने तिचा चेहरा बघितला. "बाबांची रेघ आहे ना?"

"आहे."

"मग?"

नळाशी बाबा साबणाने हात धूत होते. काम संपल्याशिवाय ते हात धूत नसत. त्यांनी मान वळवली. "काय झालं?"

गाडी जॅकवर असते तेव्हा नट नुसते धरतील इतकेच आवळायचे. मग ती चाकांवर उतरवायची, वजन बसू द्यायचं आणि अंगातली सगळी ताकद लावून पुन्हा आवळायचं. रेघ त्यानंतर. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं, आणि आज डावी बाजू आवळताना मधली पायरी गाळून त्यांनी थेट रेघ ओढली होती. हे धाकट्यासमोर बोलायला तिची जीभ रेटेना.

"मी विसरले," ती म्हणाली. "डावीकडचं शेवटचं आवळणं माझ्याकडून राहिलं."

खोटं बोलण्यात ती पहिल्यापासून कच्ची. तिचे कान लाल झाले.

"वा ताई," धाकटा खाली उतरत म्हणाला. "एकुलता एक भाऊ जड झाला का तुला?"

बाबांना हसू आलं नाही. "विसरलीस? माणसं बसतात त्यात! लक्ष कुठे असतं तुझं? इतकी वर्षं शिकवून..." ते मध्येच थांबले. हातावरचा फेस तसाच होता. "पण रेघ मी ओढली ना?"

धाकट्याने ताईकडे बघितलं.

"पाना लावल्याशिवाय मी रेघ ओढत नाही."

ते ओल्या हातांनीच गाडीखाली शिरले. ताईही त्यांच्या शेजारी जाऊन आडवी झाली आणि तिने बॅटरी धरली. बाबांनी दोन बोटांनी नट धरला. साबणाच्या बोटांनीसुद्धा तो फिरला. दुसरा फिरला. तिसऱ्याला त्यांनी हात लावला नाही.

"उजवी बाजू कुणी आवळली?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी."

"आणि ही?"

ताई ठोकळ्याकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं, पण गाडीखाली उताणं पडून रडलं की पाणी थेट कानात जातं, म्हणून तिने ते गिळलं.

"सापडली का ताईची चूक?" बाहेरून धाकट्याने विचारलं.

"सापडली," बाबा म्हणाले. "तिची नाही."

त्यांनी खिशातून रॉकेलचं फडकं काढलं आणि डावीकडच्या चारही रेघा पुसल्या. मग कोपरांवर सरकत उजवीकडे गेले आणि तिथल्याही पुसायला लागले.

"बाबा, त्या कशाला? त्या घट्ट आहेत."

"मला काय माहीत?" ते म्हणाले.

तिने सगळे नट पहिल्यापासून आवळले. बॅटरी बाबांनी धरली होती. शेवटचा नट झाल्यावर सवयीने त्यांचा हात रंगाच्या डबीकडे गेला आणि वाटेतच थांबला. ते काही न बोलता बाहेर सरकले. डबी ताईच्या डोक्याशी तशीच राहिली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना पांढरा रंग लागला होता. बाबा पुन्हा नळाशी उभे राहून हात धूत होते.

धाकटा गाडीत चढला. वाकून रेघ बघायचं त्याला सुचलं नाही. किल्लीवर हात ठेवून त्याने, रोज विचारायचा तसंच विचारलं, "बाबा, निघू ना?"

बाबांनी मान वळवली नाही.

"ताईला विचार."