चौथ्या खुर्चीचा सौदा

दर रविवारी दुपारी केक संपला की मी, डेटलेफ आणि इर्मगार्ड तिच्याच घरी बेटाचा खेळ मांडतो. लाकूड, विटा, मेंढ्यांचे पत्ते एकमेकांत बदलायचे आणि पटावर रस्ते बांधायचे. तिचा नवरा एवाल्ड गेल्यापासून चौथी खुर्ची रिकामी असते. सौदा पटला की तो बोलायचा नाही, टेबलावर दोनदा टकटक करायचा.

त्या दिवशी इर्मगार्ड म्हणाली, "आज हरले तर घर विकून लेकाकडे म्युनिकला जाते."

ही बाई बोलली की करतेच. आम्ही मुद्दाम हरावं, तर पट उधळून देईल.

शेवटी जिंकायला तिला एकाच रस्त्याची गरज होती. वीट होती, लाकूड नव्हतं. "एका लाकडाला दोन मेंढ्या," ती म्हणाली.

"तुझ्या मेंढ्या तूच चारत बस," डेटलेफ म्हणाला.

माझ्याकडे दोन लाकडं होती. ते पत्ते मी छातीशी घट्ट धरले.

रिकाम्या खुर्चीपुढं टेबल वाजलं. टक टक.

डेटलेफने कप खाली ठेवला. विचारा हवं तर त्याला.

इर्मगार्डने मान वरसुद्धा केली नाही. "दोन नाही. एकच देईन."

काय छाती बाईची! गेलेल्या नवऱ्याशीसुद्धा घासाघीस.

बराच वेळ काहीच नाही. मग नाइलाजाने, टक टक.

तिने मेंढीचा पत्ता तिकडे पालथा सरकवला, तिथूनच लाकडाचा उचलला आणि रस्ता लावला. घर वाचलं.

मी माझे पत्ते छातीपासून हळूच दूर केले. एकच लाकूड उरलं होतं. दुसऱ्याच्या जागी मेंढी होती, आणि तो पत्ता कोमट होता.