कुशादा

"उर्दू कळत न्हाय, तर बलदियाच्या माणसाम्होरं मुंडी हलवू नको," असं द्वारकाबाईंनी सुनेला बजावलं होतं. तारामतीनं ते हसण्यावारी नेलं. पुण्याला बी.ए. झालेल्या बाईनं नगरपालिकेच्या दारोग्याला, मग तिला निजामाच्या राज्यात बलदिया म्हणोत की आणखी काही, कशाला भ्यायचं?

आता तो दारोगा गल्लीत उभा होता. समोर शरणम्माच्या किराणा दुकानाच्या भिंतीवर गेरूची लाल फुली होती. परवा ती काढली, तेव्हापासून तारामतीच्या पोटात दुखत होतं. दारोगा तेव्हा 'कुशादा' असं काहीतरी म्हणाला होता. मजुरांनी फुलीपासून चौकापर्यंत दोरी धरून माप घेतलं होतं. आणखी काय सांगायला हवं? नळ येणार. तोही शरणम्माला. भरलेलं दुकान तिचं, नवरा असा की गल्ल्यावरसुद्धा बसत नाही, आत लोळतो, आणि वर पाणीही दारात. परवापासून शरणम्मा मान वर करून बघत नव्हती. केवढा तोरा.

तारामती मात्र बारवेचं पाणी गाळून, उकळून लेकाला पाजत होती. त्या पाण्यात नारूचा जंत होता, तो पायातून बाहेर निघायचा. येता-जाता ती बाळाच्या पोटऱ्या चाचपून बघायची.

बाळाला कडेवर घेऊन ती उंबऱ्यात आली.

"चौकात कारंजं बांधलंत," ती म्हणाली. "माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला हवेत उडवायला आहे. जे काही द्यायचं ते समोरच्यांना. आम्ही तुमचं काय घोडं मारलंय?"

दारोग्याला निम्मंशिम्मं कळलं. त्यानं तिच्या भिंतीकडं बोट केलं. "इधर कुशादा होना बोलते क्या, बीबी?"

"होना," तारामती म्हणाली, आणि मान हलवली.

दारोगा तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं वाकून सलाम केला. माणसाला सांगून तिच्या भिंतीवर फुली काढवली आणि ओल्या बोळ्यानं समोरची पुसायला लावली. तिचं गेलं, आपल्याला आलं. तारामतीनं बाळाचा मुका घेतला.

संध्याकाळी नवरा शाळेतून आला. बब्रुवान मास्तर, सगळं उर्दूतून शिकलेला. फुली दिसताच तो जोडे न काढता तसाच उभा राहिला.

"हे कुणी मागितलं?"

"मी. नळासाठी."

"अगं, कुशादा म्हणजे रुंद. चौकात मोटारी याव्यात म्हणून गल्ली रुंद करतायत. इथं ती अरुंद आहे; समोरचं दुकान नाहीतर आपला पुढचा सोपा, एक पाडलं की भागतं." त्यानं आपल्या सोप्याकडं पाहिलं. बाळाचा पाळणा तिथंच टांगलेला होता. "सकाळी जाऊन सांगतो, चूक झाली. फुली परत समोर जाईल."

"म्हून म्हनत होते," द्वारकाबाई आतून म्हणाल्या.

एवढ्यात शरणम्मा दारात आली. हातात खण आणि नारळ. काही कळायच्या आत ती तारामतीच्या पायाशी वाकली.

"तारक्का, आमचे धनी पावसाळ्यापासनं अंथरुणावर हायेत. दुकान पडलं असतं तर आमी खायाचं काय? परवाधरनं घास उतरंना. समद्या गल्लीत कुनी त्वांड उघडलं न्हाय. तुमी कडंवर लेकरू घेऊन दारोग्याला म्हनला, माजं घ्या, हिचं सोडा. म्या डोळ्यानं बघितलं."

बब्रुवान तारामतीकडं बघत होता. शरणम्माच्या डोळ्यांत एक तारामती उभी होती, मोठ्या मनाची, समोरच्या घरासाठी आपलं घर देणारी. त्या बाईचा तिला असा हेवा वाटला, जसा आजवर कुणाचाच वाटला नव्हता.

"राहू द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "कुठं जाऊ नका."

सोपा पडला. उरलेल्या घरात भागेना, म्हणून ती माणसं तेर गावी राहायला गेली. तुम्ही कधी त्या गल्लीत गेलात, तर तारामतीचं एवढं काम करा. शरणम्माच्या दुकानात डोकावून या. बरी आहे का बघा. आणि ती तारामतीबद्दल काही सांगायला लागली, तर ऐकून घ्या. खोडू नका.