आधी 'कोण'

इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदरगावी, कोर्टात माझ्या बापाच्या मरणाची चौकशी होती. मागच्या बाकावर एक अनोळखी म्हातारी येऊन बसलेली बघून माझं डोकंच सटकलं.

"काय गं बाई, फुकटात तमाशा बघायला आलीस?"

"बसू दे त्यांना," चौकशी चालवणारे कोरोनर साहेब म्हणाले. "ही चौकशी सगळ्यांना खुली असते. इथे कुणावर ठपका ठेवत नाहीत. कोण गेलं, कधी, कुठे आणि कसं, एवढंच बघतात."

मी 'कसं'साठीच आलो होतो. बापाने फोन करूनही अँब्युलन्स तासाभराने पोचली होती. तो अँब्युलन्सवाला समोरच बसला होता.

"आधी 'कोण'," साहेब मला म्हणाले. "वडिलांचा जन्म कुठला? काम काय करायचे?"

"बंदरावर... मासे वगैरे काहीतरी."

मागून त्या म्हातारीचा हळू आवाज आला. "जन्म व्हिटबीचा, साहेब. हॅडॉक मासे धुरावर धरून टिकवायचा. हात थरथरायला लागले तसं सोडलं. मी त्याच्या खालच्या मजल्यावर राहते."

साहेबांनी लिहून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "हं, विचार आता अँब्युलन्सवाल्याला, काय विचारायचंय ते."

'एवढा उशीर का केलास?' हा एकच प्रश्न मी घरून पाठ करून आलो होतो. तो सोडून मी मागे वळलो आणि त्या म्हातारीला विचारलं, "त्याचे हात कधीपासून थरथरत होते?"