दुभाष्या दाराबाहेर

"पेशंटशिवाय कुणी आत यायचं नाही. कोर्टाची ऑर्डर आहे," सिस्टरनी हेरंबला दारातच अडवलं.

ऑर्डर त्याला तोंडपाठ होती. ऐकू न येणाऱ्या बायकोला डॉक्टरांशी स्वतः बोलता यावं, म्हणून सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या त्यानेच झिजवल्या होत्या. आता तपासणीच्या खोलीत दुभाषी पडदा लागला होता. इरावतीच्या हातांच्या खुणा तो डॉक्टरांना बोलून दाखवायचा आणि डॉक्टरांचं बोलणं तिला खुणांनी.

हेरंब काचेतून बघत राहिला. इरावतीचे हात थांबतच नव्हते. वीस वर्षं डॉक्टर आणि तिच्यामध्ये तोच बसायचा, पण तिला इतकं बोलायचं असतं हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. मध्येच ती खळखळून हसली. हेरंबच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या भिंतीवरच्या पडद्याला काय कळणार तिचं!

अर्ध्या तासाने ती बाहेर आली.

"काय म्हणाले डॉक्टर?" त्याने घाईघाईने खुणा केल्या.

इरावतीने पर्स खांद्याला अडकवली. वीस वर्षं डॉक्टर दहा-दहा मिनिटं बोलले, तरी तो तिला जेवढं सांगायचा, तेवढंच तिने शांतपणे हातांनी सांगितलं.

"विशेष काही नाही. गोळ्या घ्यायच्या."